इन्व्हेस्टमेंट बँकिंगची तयारी : शिवाजी पार्क ते प्रभादेवी

इन्व्हेस्टमेंट बँक ठेवी घेत नाही, पासबुक देत नाही, गृहकर्जही मंजूर करत नाही. कंपन्यांना भांडवल उभे करून देणे आणि कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवून आणणे ही तिची दोन मुख्य कामे. एखाद्या उद्योजकाला नव्या कारखान्यासाठी पाचशे कोटी रुपये हवे असतात. ते शेअर विकून आणावेत की कर्जरोखे काढून, शेअर विकायचे तर कोणत्या भावाने आणि कोणाला, त्यासाठी कायद्याची कोणती कागदपत्रे लागतील, हे ठरवणारी आणि तडीस नेणारी संस्था म्हणजे इन्व्हेस्टमेंट बँक. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांत तिला मर्चंट बँकर म्हणतात. १९९२ च्या मर्चंट बँकर्स नियमावलीनुसार नोंदणी असल्याशिवाय तिला सार्वजनिक भागविक्रीचे काम करता येत नाही.

मुंबईत हा व्यवसाय फोर्ट, नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुल एवढ्यापुरताच आहे असा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा बराच भाग दादरला लागून दक्षिणेला आहे. शिवाजी पार्कच्या पश्चिम अंगाने जाणारा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग सिद्धिविनायकाच्या पुढे अप्पासाहेब मराठे मार्ग होतो. त्या रस्त्यावर जेएम फायनान्शियल आणि आयसीआयसीआय सिक्युरिटीज यांच्या कचेऱ्या आहेत, आणि गोल्डमन सॅक्सची मुंबईतली कचेरीही अनेक वर्षे तिथल्याच रॅशनल हाउसमध्ये होती. रहिमतुल्ला सयानी रोडवर परळ एसटी डेपोसमोर मोतीलाल ओसवाल टॉवर उभा आहे. गिरणगावातल्या जमिनींचेही असेच झाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ज्युपिटर मिलच्या जागेवर वित्तसंस्थांचे मनोरे उभे राहिले. दादर पश्चिमेला रुबी मिलच्या आवारातल्या 'द रुबी' इमारतीत अर्न्स्ट अँड यंगची कचेरी आहे. गिरण्यांमधल्या कामाला शिकाऊ कामगार आजूबाजूच्या चाळींतून मिळत असत. आताच्या कचेऱ्यांत शिरण्याची वाट मात्र बहुधा अहमदाबाद, बंगळुरू किंवा कोलकात्याच्या आयआयएममधून, नाहीतर सीएच्या गुणवत्ता यादीतून येते. पोदार, रुईया, रुपारेल आणि कीर्ती ही महाविद्यालये या कचेऱ्यांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. त्यांतल्या विद्यार्थ्याने ही वाट कशी धरावी, हा या लेखाचा विषय.

भारतात या व्यवसायाची सुरुवात १९६७ मध्ये ग्रिंडलेज बँकेने केली. स्टेट बँकेने १९७२ मध्ये मर्चंट बँकिंगचा विभाग काढला आणि १९७३ मध्ये निमेश कंपानी यांनी जेएम फायनान्शियलची स्थापना केली. त्या काळात शेअरचा भाव ठरवणे बँकरच्या हाती नव्हते. १९४७ च्या कॅपिटल इश्यूज कायद्याखाली दिल्लीतला नियंत्रक परवानगी देई आणि भावही त्याच्या सूत्राने ठरे. नामवंत कंपन्यांचे शेअर त्यामुळे स्वस्तात विकले गेले. १९९२ मध्ये नियंत्रकाचे कार्यालय बंद झाले, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले आणि भाव ठरवण्याची जबाबदारी कंपनी व तिच्या बँकरवर आली. मूल्यांकन हे या पेशाचे मुख्य कौशल्य झाले ते तेव्हापासून.

आज बँकेतले काम साधारण तीन शाखांत विभागलेले असते. पहिली शाखा भागभांडवलाची : आयपीओ (पहिली सार्वजनिक भागविक्री), राइट्स इश्यू (आधीच्या भागधारकांना नवे शेअर), संस्थांना थेट शेअरविक्री. दुसरी कर्जरोख्यांची. तिसरी विलीनीकरण आणि संपादनाची. २०१९ मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्री ही कंपनी तिच्या संस्थापकांचा विरोध असताना ताब्यात घेतली, तो व्यवहार या तिसऱ्या शाखेतला. सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांनुसार एखाद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतले २५ टक्के मतदानाचे हक्क मिळवले, की त्याला उरलेल्या भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के विकत घेण्याचा खुला देकार द्यावा लागतो. असा देकार कोणत्या भावाने द्यायचा याचे गणित आणि त्याचे कागद बँकर करतात.

या पेशातली उतरंड ठरलेली आहे. सर्वांत खाली अॅनालिस्ट, त्यावर असोसिएट, मग व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर. वरची माणसे उद्योजकांना भेटून काम आणतात. खालची माणसे त्या कामाचे आकडे, तक्ते आणि दस्तऐवज तयार करतात. पदवीनंतर लगेच लागणाऱ्या मुलाला अॅनालिस्ट म्हणून घेतात, तर एमबीए झालेल्याला बहुधा असोसिएट म्हणून.

इथे एका गोंधळाबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण त्यात दरवर्षी अनेक मुलांचे पैसे आणि वर्षे जातात. विदेशी बँकांची मोठी सेवाकेंद्रे मुंबई, पुणे आणि बंगळुरूत आहेत. तिथे झालेल्या सौद्यांची पूर्तता करणे, दोन बाजूंच्या नोंदी जुळवणे, ग्राहकाची ओळख पडताळणे अशी कामे चालतात. नोकरीच्या जाहिरातीत त्यांना 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग ऑपरेशन्स' म्हणतात. ते काम आवश्यक आहे, प्रामाणिक आहे आणि त्यातून संसार उभे राहतात. मात्र त्यातून व्यवहार करणाऱ्या विभागात जाता येते असा भरवसा कोणी देऊ नये, कारण तशी बदली क्वचित होते. नोकरीची हमी देऊन लाखभर रुपये फी घेणारे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम बहुतेक याच कामासाठी माणसे तयार करतात. प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत : मागच्या तुकडीतली मुले नेमक्या कोणत्या पदावर लागली, आणि तिथे ती कंपन्यांचे मूल्यांकन करतात की सौद्यांच्या नोंदी?

तयारीचा पाया हिशेबशास्त्र आहे. बाजाराची खबर, शेअरच्या टिपा, वाहिन्यांवरची चर्चा यांचा या कामाशी फार थोडा संबंध येतो. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक ही तीन पत्रके एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे ज्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते, तोच पहिल्या मुलाखतीत टिकतो. नेहमीचा प्रश्न असा : घसारा १०० रुपयांनी वाढला, तर तिन्ही पत्रकांत काय बदलते? कराचा दर २५ टक्के धरला, तर करपूर्व नफा १०० ने घटतो, कर २५ ने वाचतो, म्हणून निव्वळ नफा ७५ ने कमी होतो. रोख प्रवाहात त्या ७५ च्या घटीत घसाऱ्याचे १०० परत मिळवले जातात, कारण घसाऱ्यासाठी कोणाला पैसे दिलेले नसतात. म्हणजे रोकड २५ ने वाढते. ताळेबंदात मालमत्ता १०० ने कमी, रोकड २५ ने जास्त, आणि दुसऱ्या बाजूला राखीव निधी ७५ ने कमी. दोन्ही बाजू जुळल्या. बीकॉमच्या पहिल्या वर्षाचे हिशेब ज्याने समजून केले आहेत, त्याला यात अवघड काही नाही. ज्याने केवळ अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला, तो दुसऱ्या वाक्यालाच अडखळतो.

पाठ्यपुस्तकानंतरचे सर्वांत चांगले पुस्तक फुकट मिळते आणि ते वाचायला कोणाची शिफारस लागत नाही. शेअर विकू पाहणारी प्रत्येक मोठी कंपनी सेबीकडे मसुदा माहितीपत्रक दाखल करते, ज्याला सगळे डीआरएचपी म्हणतात. ते सेबीच्या आणि मर्चंट बँकरच्या संकेतस्थळावर असते. चार-पाचशे पानांच्या या दस्तऐवजात जोखमीचे मुद्दे, भांडवलाची रचना, पैसे कशासाठी हवेत, भावाचा आधार, धंद्याचे वर्णन, तपासलेले हिशेब आणि चालू खटले असे सगळे ठरलेल्या क्रमाने येते. अॅनालिस्टचे पहिले वर्ष बरेचसे हाच दस्तऐवज लिहिण्यात, त्यातला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहण्यात आणि वकिलांबरोबर मसुद्याच्या बैठकांत बसण्यात जाते. जो विद्यार्थी महाविद्यालयात असतानाच असे दहा दस्तऐवज नीट वाचतो, त्याला बँकेतली भाषा आधीच येते.

उदाहरण म्हणून पी. एन. गाडगीळ ज्वेलर्सचा आयपीओ पाहता येईल. सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेल्या पेढीचा वारसा सांगणारी ही पुण्याची कंपनी १० ते १२ सप्टेंबर २०२४ या काळात बाजारात आली. एकूण रक्कम १,१०० कोटी रुपये. त्यातले ८५० कोटी नव्या शेअरचे, म्हणजे कंपनीच्या तिजोरीत जाणारे. उरलेले २५० कोटी प्रवर्तक ट्रस्टने स्वतःकडचे शेअर विकून घेतलेले. भावपट्टा ४५६ ते ४८० रुपये होता. व्यवस्थापक बँकर तीन होते : प्रभादेवीचे मोतीलाल ओसवाल, शिवाय नुवामा आणि बीओबी कॅपिटल मार्केट्स. नव्या पैशांतून सुमारे ३९३ कोटी महाराष्ट्रात बारा नवी दुकाने काढण्यासाठी आणि ३०० कोटी कर्ज फेडण्यासाठी ठेवले होते. वाचणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट तपासून घ्यावी : पी. एन. गाडगीळ अँड सन्स ही याच घराण्यातली पण वेगळी कंपनी आहे. कोणत्या नावाचे शेअर विकले जात आहेत, ब्रँडचा हक्क कोणाकडे आहे, हे दस्तऐवजात शोधणे हा चांगला पहिला धडा ठरतो.

मग आकडे. २०२३-२४ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे ६,११० कोटी आणि निव्वळ नफा सुमारे १५४ कोटी होता. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे अडीच रुपये नफा. सराफी धंद्यात विक्रीच्या रकमेतला बहुतेक भाग सोन्याच्या किमतीचाच असतो, दुकानदाराची खरी कमाई घडणावळीत असते. त्यामुळे विक्रीच्या पटीत अशा कंपनीची किंमत मोजणे फसवे ठरते. आदल्या वर्षापेक्षा महसूल साधारण ३६ टक्क्यांनी आणि नफा ६५ टक्क्यांनी वाढला होता. इथे विचारायचा प्रश्न असा की, यातली किती वाढ जास्त दागिने विकल्याची आणि किती सोन्याचा भाव चढल्याची? दुकानातल्या सोन्याच्या साठ्यात किती भांडवल अडकले आहे, भाव पडला तर त्या साठ्याला संरक्षण काय आहे? याची उत्तरे व्यवस्थापनाच्या विवेचनात आणि हिशेबाच्या टिपांत मिळतात, पहिल्या चकचकीत पानांवर मिळत नाहीत.

विक्रीनंतरच्या सर्व शेअरचे ४८० रुपयांच्या भावाने मूल्य सुमारे ६,५०० कोटी होते. त्याला १५४ कोटींनी भागले, की कंपनी आपल्या वार्षिक नफ्याच्या सुमारे ४२ पट किमतीला विकली गेली असे दिसते. हे महाग की स्वस्त, हे ठरवायला टायटन, कल्याण ज्वेलर्स, सेन्को अशा इतर कंपन्यांचे तेच गुणोत्तर शेजारी मांडावे लागते. १७ सप्टेंबरला शेअरची नोंदणी झाली, तेव्हा राष्ट्रीय शेअर बाजारात पहिला भाव ८३० लागला. १,१०० कोटींना विकलेल्या सुमारे २.२९ कोटी शेअरवर खरेदीदारांना त्या सकाळी जवळपास ८०० कोटींचा फायदा दिसत होता, आणि तो विकणाऱ्यांच्या वाट्याला आला नव्हता. बँकरने भाव कमी लावला का? पुढच्या वर्षी हाच भाव ८३० च्या बराच खाली उतरला, म्हणून केवळ पहिल्या दिवसावरून निकाल देता येत नाही. या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी आकड्यांसह दहा मिनिटे बोलू शकणारा विद्यार्थी मुलाखतीत उठून दिसतो, मग त्याचे महाविद्यालय कोणतेही असो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी याच प्रक्रियेत एक सोय दडलेली आहे. सेबीच्या नियमांनुसार आयपीओची जाहिरात एका इंग्रजी, एका हिंदी आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या एका दैनिकात द्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या या बारीक टाइपातल्या जाहिराती म्हणून मराठी दैनिकांत येतात. मराठी जाहिरात आणि तिचे इंग्रजी रूप शेजारी ठेवून वाचले, की संज्ञा पक्क्या होतात. पुढे कामाची भाषा इंग्रजीच असते, आणि तिची भीती शब्दसंग्रहापेक्षा सरावाच्या अभावातून येते. रोज एका कंपनीबद्दल इंग्रजीत एक पान लिहिणे हा संभाषणाच्या वर्गापेक्षा जास्त उपयोगी उपाय आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दर तिमाहीला विश्लेषकांशी जे बोलतात त्याचे शब्दशः टिपण शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येते. प्रश्न कसे विचारतात आणि संचालक ते कसे टाळतात, हे तिथे शिकायला मिळते.

एक्सेल हे या पेशाचे हत्यार. त्यात कंपनीचे 'मॉडेल' बांधायचे असते : मागच्या तीन ते पाच वर्षांची पत्रके, पुढच्या पाच वर्षांचे अंदाज आणि त्यावरून आजचे मूल्य. हाताने भरलेला आकडा निळ्या अक्षरांत, सूत्रातून आलेला काळ्या अक्षरांत, हा जगभरच्या बँकांचा रिवाज आहे. तपासणाऱ्या वरिष्ठाला एका नजरेत कळावे, की कोणता आकडा गृहीत आहे आणि कोणता हिशेबातून निघाला. कर्जावरचे व्याज काढायला रोकड लागते आणि रोकड काढायला व्याज लागते, अशा चक्रात मॉडेल अडकते. ते कसे सोडवायचे, हे पुस्तक वाचून कळत नाही, स्वतः बांधल्यावरच कळते. पुढच्या वर्षांचा रोख प्रवाह आजच्या मूल्यात आणण्याच्या पद्धतीत बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त मूल्य शेवटच्या वर्षापलीकडच्या अंदाजातून येते. म्हणून वाढीचा दर अर्ध्या टक्क्याने हलवला तर उत्तर किती बदलते, याचा तक्ता जोडल्याशिवाय मॉडेल पूर्ण होत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाचे अश्वथ दामोदरन यांनी मूल्यांकनावरची आपली व्याख्याने आणि आकडेवारी सर्वांसाठी मोफत खुली ठेवली आहेत. ती असताना मॉडेलिंगच्या महागड्या शिकवणीची गरज फार थोड्यांना पडते.

पदवी कोणती घ्यावी याला पालक फार महत्त्व देतात. मुंबई विद्यापीठातले बीकॉम, अकाउंटिंग अँड फायनान्स, फायनान्शियल मार्केट्स, बीएमएस यांतल्या कोणत्याही पदवीने दार उघडत नाही आणि बंदही होत नाही. फरक पडतो तो त्यासोबत काय केले याने.

शिवाजी पार्क-दादरच्या घरांना सर्वांत ओळखीची वाट सीएची, आणि ती आजही चांगली आहे. फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल असे तीन टप्पे. ५५ टक्के गुणांनी वाणिज्य पदवी घेतलेल्याला फाउंडेशनशिवाय थेट इंटरला प्रवेश मिळतो. २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडची प्रत्यक्ष उमेदवारी, तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली. इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचे असेल, तर ही दोन वर्षे कुठे काढली याला गुणांइतकेच वजन असते. घराजवळच्या छोट्या फर्ममध्ये जीएसटीची विवरणपत्रे भरत बसलेला आणि मोठ्या फर्मच्या व्यवहार-सल्ला विभागात विकल्या जाणाऱ्या कंपनीचे हिशेब तपासलेला, या दोघांचे गुण सारखे असले तरी बँक दुसऱ्याला बोलावते. म्हणून इंटर होताच अशा विभागात अर्ज करावेत. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणे आणि गुणवत्ता यादीत नाव असणे यांनाही इथे अवाजवी वाटावे इतके महत्त्व आहे. ते न्याय्य आहे की नाही हा वेगळा वाद, पण निवड करणारे तसेच पाहतात.

दुसरी वाट एमबीएची. नोव्हेंबरात होणाऱ्या कॅट या प्रवेश परीक्षेतून आयआयएमना जाता येते, आणि मोठ्या बँका अहमदाबाद, बंगळुरू, कोलकाता इथे आधी पोहोचतात. प्रवेश मिळाल्यावर काही महिन्यांतच समर प्लेसमेंटच्या मुलाखती सुरू होतात. वित्तशास्त्र तिथे जाऊन शिकू असे म्हणणाऱ्याला वेळच उरत नाही, त्यामुळे पदवीच्या वर्षांतली तयारी इथे कामी येते. दोन महिन्यांच्या उन्हाळी कामात चांगली छाप पडली, तर तिथेच कायम नोकरीचा देकार मिळतो. मुंबईतल्या मुलासाठी चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था हा मोठा आधार आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो आणि फी आयआयएमच्या तुलनेत बरीच कमी आहे. उदय कोटक सिडनहॅमनंतर तिथेच शिकले. १९८५ मध्ये त्यांनी हुंड्या वटवण्याच्या धंद्यातून कोटक महिंद्राची सुरुवात केली. नव्वदच्या दशकात इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी गोल्डमन सॅक्सशी केलेली त्यांची भागीदारी २००६ पर्यंत टिकली.

तिसरी वाट सीएफए या वित्त-विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची. तिची पहिली पातळी पदवीला २३ महिने उरले असतानाही देता येते, म्हणजे एसवायच्या मुलालाही. अभ्यासक्रम उत्तम आहे, पण फी डॉलरमध्ये आणि मोठी आहे. केवळ सीएफएवर व्यवहाराच्या विभागात जागा मिळणे अवघड असते. ती संशोधन आणि निधी व्यवस्थापनाकडे जास्त नेते. खर्च झेपत नसेल, तर शिष्यवृत्तीसाठी आधी अर्ज करावा आणि ती मिळेपर्यंत एनआयएसएमच्या परीक्षा द्याव्यात. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेची नववी मालिका खास मर्चंट बँकिंगची आहे. आयपीओचे आणि टेकओव्हरचे नियम त्यात व्यवस्थित येतात, आणि फी महाविद्यालयीन मुलाला परवडणारी आहे.

अभियांत्रिकीची वाटही जुनी आहे, आणि तिचे सर्वांत मोठे मराठी नाव दादरच्या शाळेतले. नागपूरच्या धंतोलीत जन्मलेल्या विक्रम पंडित यांचे शालेय शिक्षण दादर पारसी यूथ्स असेंब्ली हायस्कुलात झाले. सोळाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या घेतल्या आणि १९८६ मध्ये तिथेच वित्तशास्त्रात पीएचडी मिळवली. मॉर्गन स्टॅन्लीत ते इन्व्हेस्टमेंट बँकिंगसह संपूर्ण संस्थात्मक व्यवसायाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले आणि डिसेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१२ या काळात, म्हणजे जागतिक वित्तसंकटाच्या ऐन मध्यावर, सिटीग्रुपचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. अभियंत्याला वित्तशास्त्र शिकवणे सोपे, असे बँका पूर्वीपासून मानत आल्या आहेत. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधल्या किंवा पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्याकडे गणित असतेच, त्याला हिशेबशास्त्राची दोन सत्रे स्वतःहून भरून काढावी लागतात.

यांपैकी कोणतीच मोठी परीक्षा हातात नसताना पदवीनंतर आत शिरायचे, तर छोट्या संस्थांकडे पाहावे. बीएसई आणि एनएसई यांचे लघु-मध्यम कंपन्यांसाठीचे मंच २०१२ मध्ये सुरू झाले. तिथे येणाऱ्या कंपन्यांचे काम करणारे छोटे मर्चंट बँकर फोर्टपासून अंधेरीपर्यंत पसरलेले आहेत. दहा-पंधरा माणसांच्या अशा कचेरीत नव्या मुलाच्या हातात पहिल्या महिन्यातच मसुदा पडतो. पगार कमी असतो, शिकायला भरपूर मिळते. मात्र संस्था पारखून घ्यावी. या मंचावर फुगवलेले हिशेब आणि कृत्रिम मागणी यांच्या तक्रारी वाढल्यावर सेबीने मार्च २०२५ मध्ये नियम कडक केले, आणि मागच्या तीनपैकी किमान दोन वर्षांत एक कोटी रुपयांचा कार्यचालन नफा असल्याशिवाय कंपनीला इथे आता येता येत नाही. संशयास्पद कागदांवर काम केल्याचा डाग नव्या मुलाच्या नावालाही लागतो. इंटर्नशिपसाठी लिहिताना शंभर जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा दहा संस्थांना, त्यांनी केलेल्या एका व्यवहारावरच्या स्वतःच्या दोन पानांच्या टिपणासह लिहावे. असे टिपण फार थोडे विद्यार्थी पाठवतात, त्यामुळे ते वाचले जाते.

घरच्यांनाही या पेशातल्या दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिली, कामाचे तास. २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या पहिल्या वर्षाच्या १३ अॅनालिस्टांनी आपापसात केलेल्या पाहणीत आठवड्याचे सरासरी ९५ तास काम निघाले, आणि ती बातमी जगभर गाजली. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठांसाठी बहुतेक प्रसंगी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. मर्यादाच ८० ची असते, यावरून कल्पना यावी. मुंबईत मोठा व्यवहार चालू असताना रात्री दोनला घरी येणे आणि सकाळी दहाला पुन्हा हजर होणे नवलाचे नसते. कचेरीजवळ राहणाऱ्या दादर-परळच्या मुलांचा लोकलमधला वेळ वाचतो, हा त्यांचा खरा फायदा आहे. पण झोप आणि प्रकृती यांची किंमत कोणत्याही पगारात बसत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी बाहेर पडणारे पुष्कळ असतात. दुसरी गोष्ट कायद्याची. बँकेला कंपनीची अप्रकाशित माहिती आधी कळते, म्हणून सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या नातेवाइकांच्या शेअर व्यवहारांवर बंधने येतात. आई-वडिलांची डीमॅट खाती जाहीर करावी लागू शकतात, काही शेअर घेता-विकता येत नाहीत. व्यवहाराला कचेरीत सांकेतिक नाव असते. जेवणाच्या ताटावरही खरे नाव काढायचे नसते, आणि एखाद्या काकांनी सहज विचारले तरी उत्तर नाही असेच असावे लागते.

बँकांमधल्या जागा दरवर्षी थोड्याच असतात, त्यामुळे चांगली तयारी केलेल्या अनेकांनाही त्या मिळत नाहीत. तीच तयारी पतमानांकन संस्थांत चालते. इक्राची मुंबईतली कचेरी अप्पासाहेब मराठे मार्गावर इलेक्ट्रिक मॅन्शनमध्ये आहे, केअर रेटिंग्ज शीवला, तर क्रिसिल अंधेरी पूर्वेला. तिथे कंपनी कर्ज फेडू शकेल का, हे त्याच तीन पत्रकांवरून ठरवतात, आणि दोन-तीन वर्षांच्या त्या अनुभवानंतर कर्जरोख्यांच्या शाखेत किंवा बँकांच्या मोठ्या कर्जविभागात जाता येते. म्युच्युअल फंड आणि दलाली संस्थांचे संशोधन विभाग, मोठ्या कंपन्यांचे वित्त व संपादन विभाग, खासगी गुंतवणूक निधी यांनाही मॉडेल बांधता येणारी आणि दस्तऐवज बारकाईने वाचणारी माणसे लागतात. एखादी कंपनी शेअर बाजारात येण्याची तयारी करते, तेव्हा तिच्या स्वतःच्या वित्तविभागात दीड-दोन वर्षे बँकरांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा माणूस लागतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाढत्या कंपन्यांत ही गरज आहे, आणि मुंबईत तयार झालेल्या मराठी मुलाला तिथे कारखान्याच्या मालकाशी त्याच्याच भाषेत बोलता येते.